वीस वर्षांचा अंदाज आणि सव्वाशे वर्षांचं काम: एका लॅटिन कोशाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

लॅटिनचा आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा कोश म्हणजे थेसॉरस लिंग्वे लातिने. काम सुरू झालं १८९४ ला, पहिला अंक (कोश असा सुट्या भागांत निघतो) छापून आला १९०० ला, आणि अजून चालूच आहे. कुणाला हे सांगितलं की लोक आधी हसतात, सरकारी काम दिसतंय म्हणून. पण मी हे प्रकरण निवडलं ते उशीर झाला म्हणून नाही, उशीर काय सगळीकडेच होतो. या कोशाचा पहिला टप्पा अगदी ठरल्याप्रमाणे वेळेत झाला होता आणि माझ्या मते पुढच्या घोळाचं मूळ त्या वेळेत झालेल्या टप्प्यातच आहे. (अलीकडच्या संपादकांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, जे इतिहासजमा झालेत त्यांचीच घेतलीयेत.)

त्या काळी जर्मनीत लॅटिन-ग्रीकचा अभ्यास म्हणजे मोठं प्रस्थ होतं. हाताशी असलेला मोठा कोश मात्र जुना, फोर्चेल्लिनीचा, इटलीत पादुआला १७७१ मध्ये निघालेला. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हस्तलिखितं नव्यानं तपासली गेली, ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या (म्हणजे वेगवेगळी हस्तलिखितं ताडून मजकूर ठरवलेल्या) आल्या, शिलालेख हजारोंनी गोळा झाले, आणि कोश आपला तिथंच. १८५८ च्या सुमारास नव्या कोशाचा एक प्रयत्न झाला, म्युनिक राजधानी असलेल्या बव्हेरियाचा राजा पाठीशी होता तरी तो बारगळला. मग एडुआर्ड व्योल्फलिन या मूळच्या स्विस प्राध्यापकानं १८८४ ला लॅटिन कोशरचनेला वाहिलेलं नियतकालिकच काढलं, म्हणजे निदान जमीन तरी तयार होईल. शेवटी बर्लिन, ग्योटिंगेन, लाइपझिग, म्युनिक आणि व्हिएन्ना अशा पाच ठिकाणच्या अकादम्या एकत्र आल्या आणि त्यामागं थिओडोर मॉमसेनचं वजन होतं. मॉमसेन म्हणजे रोमन शिलालेखांचं महासंकलन उभं करणारा माणूस, पुढे १९०२ चं साहित्याचं नोबेल मिळालेला. असा माणूस म्हणतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार.

अंदाज होता वीसेक वर्षांचा. आधी मजकूर गोळा करायचा, मग नोंदी लिहायच्या आणि छापायच्या.

पहिला टप्पा: चिठ्ठ्या

सगळा डोलारा चिठ्ठ्यांवर उभा आहे, त्यामुळं चिठ्ठी कशी बनायची ते बघू. समजा सिसेरो या रोमन वक्त्याचा एक परिच्छेद घेतला. तो हातानं नीट लिहून काढायचा आणि त्याच्या अनेक प्रती काढायच्या. त्या परिच्छेदात जितके शब्द तितक्या प्रती, प्रत्येक प्रतीवर एक शब्द ठळक करून वर लिहायचा, कुठल्या ग्रंथातलं कितवं वाक्य ते टाकायचं, आणि मग त्या त्या शब्दाच्या खोक्यात ती चिठ्ठी जायची. म्हणजे दहा शब्दांच्या ओळीतून दहा चिठ्ठ्या, 'आणि'साठी सुद्धा एक, 'नाही'साठी सुद्धा एक. काहीही वगळायचं नाही.

नियम असा ठरला की साधारण इसवी सन २०० पर्यंतच्या सगळ्या मजकुराचा प्रत्येक शब्द घ्यायचा, आणि तिथून पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या मजकुरातून निवडून घ्यायचं. मजकूर म्हणजे फक्त कवी आणि वक्ते नाहीत बरं का, शिलालेख, कायद्याची पुस्तकं, वैद्यकावरचं लेखन, ख्रिस्ती धर्मगुरूंचे ग्रंथ, ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या भिंतींवर लोकांनी खरडलेलं, सगळं. ग्योटिंगेनला फ्रिडरिश लेओ आणि म्युनिकला व्योल्फलिन अशा दोन ठिकाणी हे काम चाललं, आणि १८९९ ला सगळी खोकी म्युनिकला एकत्र आली. पाच वर्षांत! आज हा साठा एक कोटीच्या घरात आहे. त्या काळात झेरॉक्स नाही, टायपिस्टची फौज नाही, आणि तरी लाखांनी चिठ्ठ्या वेळेत जमा झाल्या हे खरंच थक्क करणारं आहे.

पण मंडईतून भाजी आली म्हणजे स्वयंपाक झाला असं होत नाही. चिठ्ठ्यांचा वेग मोजता येत होता, पानं मोजा, शब्द मोजा, माणसं मोजा, भागाकार करा, झालं. नोंद लिहायला किती वेळ लागेल हे तेव्हा कुणालाच मोजता येत नव्हतं कारण तशी नोंद त्या पद्धतीनं आधी कुणी लिहिलेलीच नव्हती. आणि मोजता येणारा भाग वेळेत झाल्यामुळं न मोजता येणाऱ्या भागाचा अंदाजही बरोबरच असेल असं सगळ्यांनी धरून चालवलं असावं, हा माझा तर्क.

अडचण नेमकी कुठं होती

एक नोंद कशी लिहितात ते बघितलं की कळतं. 'रेस' घ्या. वस्तू, मालमत्ता, प्रकरण, कोर्टातला दावा, घडलेली हकीकत, सत्ता, सगळीकडे हाच शब्द. रेस पुब्लिका म्हणजे राज्य, रेस फामिलिआरिस म्हणजे घरची मालमत्ता, रेस गेस्ताए म्हणजे केलेले पराक्रम. आता याच्या चिठ्ठ्यांची खोकीच्या खोकी टेबलावर आली. लेखकानं प्रत्येक चिठ्ठी वाचायची, चिठ्ठीवरचा संदर्भ पुरेसा नसेल तर मूळ ग्रंथ उघडायचा, मग ढीग पाडायचे. पहिले ढीग पडतात, चार दिवसांनी एखादी चिठ्ठी अशी येते की ती कुठल्याच ढिगात बसत नाही, आणि मग ढीग मोडून परत मांडायचे. त्यात शब्दाची रूपं, स्पेलिंगचे फरक, व्युत्पत्ती, प्राचीन व्याकरणकारांनी त्याबद्दल काय म्हटलंय, पुढे इटालियन-फ्रेंच-स्पॅनिशमध्ये तो टिकला का, हे वेगळंच. अर्थाच्या शाखा, उपशाखा, त्यांच्या उपशाखा, आणि हे सगळं समजावून सांगायचं तेही लॅटिनमध्येच, कारण कोश लॅटिन-लॅटिन आहे. शेवटी लेखकाची सही. मग संपादक तपासणार, मग प्रूफं बाहेरच्या तज्ज्ञांकडे जाणार, तिथून शेरे येणार. अशा एका शब्दावर माणसाची वर्षंच्या वर्षं जातात, अतिशयोक्ती नाही.

तरी सुरुवातीचा वेग बघा. ए आणि बी १९०६ पर्यंत संपले. सी १९०६ ते १९१२. बारा वर्षांत तीन अक्षरं आणि सी लॅटिनमध्ये काही लहान अक्षर नाही, त्यामुळं तेव्हा कुणाला वाटलं असेल की गाडी रुळावर आहे तर त्यात चूक नव्हती. मग डी ला १९०९ ते १९३४ लागली. एल १९५६ ते १९७९. पी हे एकटं अक्षर १९८० ला सुरू झालं आणि २०१० ला संपलं, म्हणजे अख्खे ए, बी, सी झाले त्याच्या दुपटीहून जास्त वेळ एका पी ला.

मधे दोन महायुद्धं झाली हे आहेच. पहिल्यात माणसं गेली, नंतरच्या महागाईत पैशाची किंमत गेली, दुसऱ्यात चिठ्ठ्यांची खोकी बॉम्बपासून वाचवायला म्युनिकबाहेर एका मठात हलवावी लागली. पण नुसतं युद्धावर ढकलून चालणार नाही. पी च्या तीस वर्षांत युद्ध नव्हतं.

वेग कमी झाला कारण दर्जा वाढला. आणि दर्जा वाढवायची गरज का पडली त्याचा एक किस्सा मला फार बोलका वाटतो. लॅटिनमध्ये मांजराला एक ग्रीकवरून आलेला शब्द आहे, एलुरुस. जुवेनाल या कवीच्या पंधराव्या उपरोधिक कवितेत इजिप्तमधल्या लोकांची चेष्टा आहे की हे कुठं मांजराला पुजतात, कुठं माशाला, कुठं कुत्र्याला. हस्तलिखितांत त्या जागी 'केरुलेओस' म्हणजे 'निळे' असा शब्द होता, जुन्या अभ्यासकानं तो दुरुस्त करून 'एलुरोस' केला होता आणि ती दुरुस्ती बरीच वर्षं मान्य होती. पण कोशाचं काम झालं तेव्हाच्या नव्या जर्मन आवृत्तीत हस्तलिखितावर भर देऊन परत 'निळे' आलं होतं. चिठ्ठ्या त्यावरूनच, मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. कोशात मांजराच्या नोंदीत जुवेनालचं नावच नाही. ए. ई. हाउसमन हा इंग्रज पंडित, जिभेनं अतिशय तिखट, त्यानं १९११ ला केंब्रिजच्या भाषणात या नोंदीचं पार भजं केलं. आपल्या काळाची फॅशन म्हणजेच कायमचं सत्य असं समजून नोंद लिहिली असं त्याचं म्हणणं.

टोमणा कोशाला होता, पण दोष पद्धतीत होता. एक चिठ्ठी म्हणजे एका आवृत्तीतलं एक वाचन. आवृत्ती बदलली की चिठ्ठी शिळी. म्हणजे पहिल्या टप्प्यात जो साठा 'पूर्ण' झाला म्हणून वेळेत टिकमार्क झाला तो खरं तर कधीच पूर्ण होणार नव्हता. लेखकानं चिठ्ठीवर विसंबून चालणार नाही, प्रत्येक महत्त्वाच्या जागी आवृत्त्या उघडून बघाव्या लागतील, हे एकदा मान्य केलं की वेळेचं गणित संपलं.

समोर काय काय पर्याय होते

एक सरळ पर्याय होता काळ कमी करायचा, २०० सालापाशी थांबायचं. हे अशक्य नव्हतं, दुसऱ्यांनी करून दाखवलं. ऑक्सफर्डचा लॅटिन कोश १९३३ ला सुरू झाला, साधारण दुसऱ्या शतकाच्या अखेरीला थांबला, आणि १९८२ ला पुरा झाला. एकोणपन्नास वर्षं, पण पुरा. म्युनिकवाल्यांना हे करायचं नव्हतं आणि मला त्यांचं पटतं, कारण लॅटिन पुढे कसं बदलत गेलं, चर्चच्या तोंडी काय झालं, त्यातून आजच्या भाषा कशा फुटल्या, हे सगळं त्या नंतरच्या चार शतकांत आहे.

दुसरा पर्याय नोंदी आखूड करायचा. उदाहरणं कमी, शाखा कमी. मग थेसॉरस आणि कपाटातला कुठलाही चांगला कोश यात फरक काय उरला? तिसरा म्हणजे काही प्रकारचे शब्द वगळायचे. चौथा, अवघड अक्षरं बाजूला ठेवून सोपी आधी करायची. पाचवा, हात वाढवायचे, म्हणजे जर्मनीबाहेरून माणसं आणि पैसे आणायचे. आणि एक सहावा पण होता जो कुणी फारसा बोलत नाही, थांबून ए पासून परत नीट करायचं, कारण सुरुवातीचे खंड नव्या दर्जाच्या मानानं कच्चे दिसायला लागले होते.

काय केलं

पहिली मोठी काट विशेषनामांवर आली. ए आणि बी मध्ये माणसांची-गावांची नावं कोशातच होती. सी पासून ती वेगळ्या पुरवणीत काढली, सी ची पुरवणी १९०७ ते १९१३ मध्ये निघाली, डी ची १९२३ पर्यंत. डी नंतर नावं बंद, कायमची. आज कुणाला एखाद्या रोमन गावाचं नाव हवं असेल आणि ते ए ते डी मध्ये बसत असेल तर नशीब, नाहीतर दुसरीकडे शोधा. दिसायला विचित्र आहे, अर्धवट आहे, पण हा निर्णय वेळेत घेतला हे मी चांगलंच म्हणेन. अर्धवट काम जाहीरपणे सोडून द्यायला धाडस लागतं, बहुतेक प्रोजेक्ट ते ओढत बसतात.

१९४९ ला काम आंतरराष्ट्रीय समितीच्या छत्राखाली आलं, कचेरी बव्हेरियन अकादमीत, आणि वेगवेगळ्या देशांच्या संस्था आपापले तरुण अभ्यासक म्युनिकला पाठवू लागल्या. हे दुधारी प्रकरण आहे. नवा माणूस येतो, पद्धत अंगात मुरायला वेळ जातो, चार बऱ्या नोंदी लिहायला लागतो तोवर त्याची फेलोशिप संपते. पण त्याशिवाय युद्धानंतर हा कोश जिवंत राहिला असता का याबद्दल मला शंका आहे. शिवाय ही माणसं परत जाऊन आपापल्या विद्यापीठांत या पद्धतीनं शिकवतात, तो फायदा हिशोबात कुठं दिसत नाही.

मग आला एन चा प्रश्न. एम १९६६ ला संपलं. पुढे एन. आता एन मध्ये काय आहे बघा: नॉन, ने, नेक, नाम, नुंक, निहिल, नुल्लुस, नॉस. नकार, 'कारण', 'आता', 'आम्ही'. ज्या पद्धतीत २०० सालापर्यंतची प्रत्येक चिठ्ठी घेतलीये तिथं 'नॉन'ची खोकी किती असतील. त्यांनी एन ओलांडलं आणि १९६८ ला थेट ओ चे अंक सुरू केले. ओ १९८१ ला झालं, पी त्याच्या जोडीनंच सुरू झालं होतं. पी नंतर क्यू यायला हवं होतं, पण क्यू म्हणजे कुइ, कुइस, कुओद, कुआम, कुइआ, म्हणजे 'जो-कोण-की'चं सगळं कुटुंब. तेही ओलांडलं. २०१० नंतर मागं फिरून एन घेतलं आणि बरोबरीनं आर.

हा या प्रकरणातला सगळ्यात वादाचा निर्णय. बाहेरून पाहणाऱ्याला ती पळवाट वाटते. मी या निर्णयाच्या बाजूनं आहे, अर्ध्या मनानं का होईना. १९६६ ला एन घेऊन बसले असते तर वर्षानुवर्षं एकही उपयोगी अंक बाहेर पडला नसता, वर्गणीदार आणि पैसे देणारे कंटाळले असते. ओ आणि पी मुळं काम दिसत राहिलं. आणि जेव्हा एन हाती आलं तेव्हा कॉम्प्युटरवर शोधता येणारे लॅटिन मजकूर उपलब्ध होते, 'नॉन' अमुक शब्दाशेजारी कुठं कुठं येतो हे हातानं चाळत बसायची गरज कमी झाली. नशीब म्हणा हवं तर, १९६६ ला कुणी हे ओळखून नव्हतं केलेलं. पण वाचलेला वेळ हा वाचलेला वेळच.

आज काय स्थिती आहे

एन आणि क्यू ची भोकं सोडली तर पी पर्यंत छापून झालंय, एन आणि आर चालू आहेत. ए पासून परत करायचा पर्याय त्यांनी कधीच घेतला नाही, नव्या आवृत्त्या आणि नवे शिलालेख आले की दुरुस्तीच्या चिठ्ठ्या साठ्यात जातात, छापील ए मात्र आहे तसा. प्रकाशन लाइपझिगच्या टॉयबनरकडून सुरू झालं होतं, हात बदलत आता डी ग्रॉयटरकडे आहे. २०१९ पासून अकादमीनं छापून झालेल्या खंडांच्या पीडीएफ फुकट खुल्या केल्या, म्हणजे पुण्यात बसून एखाद्यानं फोनवर 'पीएतास'ची नोंद उघडली तर पैसे लागत नाहीत. आधी हे खंड असलेली लायब्ररी गाठणं हाच एक प्रोजेक्ट होता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, अंदाज बांधण्यापूर्वी चार-पाच नोंदी पूर्ण लिहून बघायला हव्या होत्या. एक दुर्मिळ शब्द, एक मधला, एक 'रेस'सारखा राक्षस, एक 'नॉन'सारखा. चिठ्ठ्या गोळा होत असतानाच. त्यातून वीस वर्षांचा आकडा टिकला नसता हे नक्की, आणि मग कदाचित अकादम्यांनी पैसेच दिले नसते आणि कोशच झाला नसता. ही शक्यता मी नाकारत नाही. मोठी कामं बऱ्याचदा चुकीच्या अंदाजामुळंच सुरू होतात.

दुसरं म्हणजे छोट्या व्याकरणी शब्दांसाठी वेगळा साचा पहिल्या दिवशीच ठरवायचा. 'नॉन'च्या प्रत्येक चिठ्ठीला 'एलुरुस'च्या चिठ्ठीइतका मान देण्यात अर्थ नव्हता. दुर्मिळ शब्दाचं एकेक वाक्य मोलाचं असतं, 'नॉन'चं दहाहजारावं वाक्य नवं काय सांगणार. तिथं नमुना घेतला असता तर एन आणि क्यू ओलांडायची वेळ आली नसती असं मला वाटतं. तिथं काम करणारे यावर नक्की भांडतील, त्यांचं म्हणणं असेल की विचित्र वापर नेमका त्या दहाहजाराव्या चिठ्ठीतच सापडतो, आणि तेही खोटं नाही.

तिसरं आपल्या जवळचं आहे. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये डॉ. एस. एम. कत्रे यांनी १९४८ ला संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू केलं, साधारण दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या झाल्या, डॉ. घाटगे संपादक असताना १९७६ ला पहिला भाग निघाला, आणि अजून काम 'अ' मध्येच आहे. साठा जवळपास तेवढाच, पद्धत त्याच जातीची, आणि अडकण्याची जागाही तीच, खोकी भरल्यानंतरची. १९४८ ला म्युनिकचा पन्नास वर्षांचा अनुभव समोर होता. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत हातावेगळा झाला, त्याची झेप वेगळी आणि खोली वेगळी, तुलना करणं अन्यायाचं आहे. पण तो रोज वापरला जातो हेही खरं.

थेसॉरस साधारण २०५० ला संपेल असं सांगितलं जातं. शेवटची नोंद असेल झिथुम, इजिप्तमधली बार्लीची बिअर. मला २०५० चा आकडा पटत नाही. एन पुरं व्हायचंय, आर चालू आहे, क्यू ला हात लागायचाय, त्यानंतर टी, यू, व्ही, आणि त्याआधी एस, जे लॅटिनमधलं पी च्याच तोडीचं भलंमोठं अक्षर आहे. पी ला तीस वर्षं लागली होती.